एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन पूर्वज शोधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जावई किंवा सून अमेरिकन असलेली मराठी घरं आता पुष्कळ आहेत. त्या घरातली नातवंडं आजीकडून कोकणातल्या मूळ गावाची गोष्ट ऐकतात आणि मग साहजिकच विचारतात, ‘बाबांकडचे लोक कुठले?’ आनंदीबाई जोशींची पत्रं वाचून त्यांना अमेरिकेत आधार देणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाचं पुढे काय झालं असं विचारणारेही असतात. अहमदनगरच्या अमेरिकन मिशनच्या बंगल्यांजवळ वाढलेल्यांना तिथल्या गोऱ्या बाई कुठल्या गावच्या होत्या याचं कुतूहल असतं. या सगळ्यांकडून वारंवार येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माझं एक ठाम मत उत्तरांमध्ये पुन्हा पुन्हा दिसेल: नाव फसवतं, वय फसवतं, पण माणूस कुठल्या काउंटीत (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात) राहत होता हे कळलं की बाकीचं हळूहळू हाती लागतं.

सुरुवात कुठून करायची?

आजपासून मागे जायचं. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला आधी विचारा आणि त्यांनी सांगितलेली नावं, गावं, चर्च, धंदे जसंच्या तसं लिहून घ्या. अमेरिकेची जनगणना 72 वर्षांनी लोकांसाठी खुली होते. 1950 सालची 2022 मध्ये खुली झाली. तिथून 1940, 1930 असं दर दहा वर्षांनी मागे जात 1900 पर्यंत आलात की एकोणिसाव्या शतकाचा उंबरठा लागतो. घराण्यात 1840 चा कुणी शूर पुरुष होता अशी दंतकथा असेल, तर थेट त्याच्यावर उडी मारावीशी वाटते. मारू नका. मधली एक पिढी चुकली की पुढची सगळी मेहनत दुसऱ्याच्या घराण्यावर खर्च होते.

आपल्याकडच्या कुलवृत्तांतासारखं काही तयार मिळतं का?

काही घराण्यांचं मिळतं. न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या राज्यांतल्या, जुन्या कुटुंबांच्या छापील वंशावळी एकोणिसाव्या शतकातच निघायला लागल्या होत्या. काउंट्यांचे जाडजूड इतिहासही निघाले आणि त्यांत स्थानिक प्रतिष्ठितांची चरित्रं असत. मात्र अशी बरीच चरित्रं ज्यांनी पुस्तकाची वर्गणी भरली त्यांचीच असत आणि मजकूर त्यांनीच पुरवलेला असे. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत यजमान स्वतःच्या हाताने नोंद करतो, तसाच हा प्रकार. आजोबांपर्यंतचं बहुधा बरोबर असतं, त्यामागचं ऐकीव असतं.

इंटरनेटवर लोकांनी टाकलेल्या वंशवृक्षांवर तर मुळीच विसंबू नका. एकाने केलेली चूक दोनशे जण उतरवून घेतात आणि दोनशे ठिकाणी दिसते म्हणून ती खरी वाटायला लागते.

काउंटीवर एवढा भर का?

कारण कागद तिथे आहेत. लग्नाची नोंद, जमिनीची खरेदीखतं, मृत्युपत्रं, अनाथ मुलांच्या पालकत्वाचे हुकूम हे सगळं बहुतेक राज्यांत काउंटीच्या कोर्टात जमा होई. न्यू इंग्लंडमध्ये जन्म-मृत्यूच्या नोंदी गावाचा कारकून ठेवी, म्हणून तिथे गाव शोधावं लागतं.

शिवाय काउंट्यांच्या हद्दी बदलत राहिल्या. न्यू जर्सीतली युनियन काउंटी 1857 मध्ये एसेक्स काउंटीतून वेगळी काढली. म्हणजे एखादं कुटुंब शंभर वर्षं एकाच घरात राहिलं असलं तरी त्याचे आधीचे कागद एसेक्समध्ये आणि नंतरचे युनियनमध्ये. राज्यांचंही तेच. मेन 1820 पर्यंत मॅसॅच्युसेट्सचा भाग होतं आणि वेस्ट व्हर्जिनिया 1863 मध्ये व्हर्जिनियातून फुटलं. ‘व्हर्जिनियात जन्म’ एवढंच लिहिलेलं दिसलं तर आधी त्या वर्षाचा नकाशा काढून बसा.

जनगणनेतून नेमकं काय कळतं?

ते साल पाहून ठरतं. 1790 ते 1840 या काळात फक्त घरच्या कर्त्याचं नाव लिहीत. बाकीची माणसं वयोगटांच्या रकान्यांत नुसते आकडे म्हणून दिसतात. 1850 पासून घरातल्या प्रत्येक मुक्त माणसाचं नाव, वय आणि जन्माचं राज्य किंवा देश येतो. कर्त्याशी नातं मात्र 1880 च्या आधी लिहीत नसत, त्यामुळे 1850 च्या यादीतली तरुण स्त्री बायको आहे, बहीण आहे की कामाला ठेवलेली मुलगी, हे त्या एका पानावरून सांगता येत नाही. 1880 मध्ये आईवडिलांची जन्मस्थळंही येतात. 1900 ची यादी सर्वांत उदार. जन्माचा महिना आणि वर्ष, लग्नाला किती वर्षं झाली, बाईला किती मुलं झाली आणि त्यांतली किती हयात आहेत, परदेशातून कधी आले, सगळं त्यात आहे.

वयावर विसंबू नका. इलिनॉयमधल्या स्प्रिंगफील्डच्या यादीत मेरी लिंकन 1850 साली 28 वर्षांच्या आहेत आणि 1860 साली 35 वर्षांच्या. त्यांचा जन्म डिसेंबर 1818 चा, म्हणजे खरं वय 31 आणि 41. होणाऱ्या राष्ट्राध्यक्षांच्या घरी ही गत असेल, तर ओहायोतल्या शेतकऱ्याच्या घरी पाच-सात वर्षांचा फरक पाहून ‘हा आपला माणूस नव्हे’ असं ठरवणं घाईचं होईल. माहिती कुणी सांगितली हे 1850 किंवा 1860 च्या पानावर लिहिलेलं नसतं. ती घरमालकिणीने दिली असेल, मोठ्या मुलाने दिली असेल किंवा शेजाऱ्यानेही दिली असेल.

1890 ची जनगणना का सापडत नाही?

जानेवारी 1921 मध्ये वॉशिंग्टनमधल्या वाणिज्य खात्याच्या इमारतीला आग लागली. आगीतून वाचलेले भिजलेले गठ्ठे पुढे सरकारनेच नष्ट करायला परवानगी दिली. सव्वासहा कोटींवर माणसांच्या नोंदींपैकी जेमतेम सहा हजारांच्या वाचल्या. त्यामुळे 1880 ते 1900 ही वीस वर्षं अंधारात जातात, आणि नेमक्या त्याच काळात मुलं मोठी होऊन, लग्नं करून पश्चिमेकडे निघून गेलेली असतात.

ही पोकळी राज्यांच्या स्वतःच्या जनगणनांनी भरायची. न्यू जर्सी, आयोवा, मिनेसोटा यांची 1885 ची आहे, न्यूयॉर्कची 1892 ची आहे, कॅन्ससची 1885 आणि 1895 ची. सिव्हिल वॉरमधल्या (उत्तर आणि दक्षिणेकडच्या राज्यांमधल्या यादवी युद्धातल्या) सैनिकांची आणि त्यांच्या विधवांची 1890 मध्ये वेगळी यादी झाली होती, तीही काही राज्यांची शिल्लक आहे. शहरात राहणारा माणूस असेल तर दरवर्षी छापली जाणारी शहराची डिरेक्टरी पाहा. एखाद्या वर्षी नवऱ्याचं नाव जाऊन त्याच पत्त्यावर ‘अमक्याची विधवा’ आली की मृत्यूचं साल हाती आलंच.

आडनाव जुळत नाही. एलिस आयलंडला बदललं असेल का?

नाही. घरोघरी सांगितली जाणारी ही गोष्ट खरी नाही. एलिस आयलंड हे न्यूयॉर्क बंदरातलं स्थलांतरितांच्या तपासणीचं ठाणं. तिथले अधिकारी जहाज कंपनीने परदेशातल्या बंदरावर तयार केलेल्या यादीवरून नावं वाचत. नवीन नावं देणं त्यांच्या कामात नव्हतं. शिवाय एलिस आयलंड 1892 मध्ये सुरू झालं. त्याआधी, 1855 ते 1890, न्यूयॉर्कला येणारे लोक कॅसल गार्डनला उतरत. नाव बदललं ते लोकांनी स्वतः, हळूहळू, शेजाऱ्यांना उच्चारता यावं म्हणून. श्मिटचा स्मिथ झाला, आयरिश नावांच्या पुढचा ‘ओ’ गळला.

जनगणनेचा माणूस कानावर पडेल तसं लिहायचा. एकच आडनाव एकाच काउंटीत चार तऱ्हांनी सापडतं. नाव सापडत नसेल तर आडनावाचा रकाना मोकळा सोडा आणि पहिलं नाव, अंदाजे वय, जन्माचं राज्य आणि काउंटी एवढ्यावर शोधा. तरीही नाही जमलं तर मागच्या जनगणनेतले शेजारी शोधा. कुटुंबं एकेकटी स्थलांतर करत नसत. मेहुणे, साडू, एकाच चर्चची माणसं मिळून जात आणि नव्या गावात पुन्हा शेजारी राहत.

जन्मदाखला मिळेल का?

मॅसॅच्युसेट्समध्ये राज्यभर नोंदणी 1841 पासून आहे. तिथला पूर्वज असेल तर नशीब समजा. पेनसिल्वेनियाची राज्यपातळीवरची नोंदणी थेट 1906 ची, जॉर्जियाची 1919 ची. तोवर चर्चची बाप्तिस्म्याची वही, घरच्या बायबलमधल्या नोंदी आणि कबरीवरचा दगड यांवर भागवावं लागतं. 1850 ते 1880 च्या जनगणनांबरोबर मृतांचीही यादी होत असे. आधीच्या बारा महिन्यांत घरात कोण, कोणत्या महिन्यात, कशाने गेलं ते त्यात आहे. दोन जनगणनांच्या मध्ये जन्मून गेलेल्या बाळाची जगातली एकमेव नोंद कधी कधी तिथेच असते.

पणजीच्या आईचं माहेरचं आडनाव कसं शोधायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि मला सगळ्यात जवळचा वाटणारा प्रश्न. कायद्याने विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या आड ठेवलं होतं, म्हणून कागदांतही ती त्याच्या आडच सापडते.

लग्नाची नोंद मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर तिच्या प्रत्येक मुलाचा मृत्यूचा दाखला काढा, फक्त तुमच्या थेट पूर्वजाचा नव्हे. विसाव्या शतकात गेलेल्या मुलांच्या दाखल्यावर आईचं माहेरचं आडनाव विचारलेलं असतं. एका मुलाच्या दाखल्यावर ‘माहीत नाही’ असेल, दुसरीच्या दाखल्यावर पूर्ण नाव असेल. मुलांची मधली नावं पाहा. आईचं माहेरचं आडनाव मुलाचं मधलं नाव म्हणून ठेवण्याची पद्धत फार रूढ होती.

मग खरेदीखतं. नवऱ्याने जमीन विकली की पत्नीचा त्या जमिनीवरचा विधवेचा हक्क सोडल्याची सही घेत, आणि ती नवऱ्याच्या अपरोक्ष, त्याच्या दबावाशिवाय केली आहे ना असं विचारून घेण्याची रीत अनेक राज्यांत होती. हे वाक्य त्या जुन्या खतांत वाचताना क्षणभर ती बाई समोर उभी राहिल्यासारखं मला दरवेळी वाटतं. वडिलांनी किंवा सासऱ्याने अगदी कमी किमतीत जमीन ‘विकली’ असेल तर नात्याचा वास घ्या. शेवटी परिसरातल्या म्हाताऱ्या पुरुषांची मृत्युपत्रं वाचा. ‘माझी मुलगी अमकी, तमक्याची पत्नी’ हे एक वाक्य दहा वर्षांचा शोध संपवू शकतं.

1850 आणि 1860 च्या याद्यांत घरात वेगळ्याच आडनावाची म्हातारी बाई दिसली तर तिला सोडू नका. ती बहुधा पत्नीची आई असते.

पूर्वज सिव्हिल वॉरमध्ये लढला होता. त्याची फाइल मागवण्यात अर्थ आहे का?

मी तर म्हणेन सगळ्यात आधी तीच मागवा. सेवेची नोंद नव्हे, पेन्शनची फाइल. सेवेच्या नोंदीत हजेरी आणि पगार असतो. पेन्शनच्या फाइलमध्ये संसार असतो. उत्तरेच्या बाजूने लढलेल्यांच्या फाइली वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. दक्षिणेकडून लढलेल्यांना पेन्शन राज्यांनी दिलं, म्हणून ते कागद त्या त्या राज्याच्या दप्तरात आहेत, आणि तेही तो माणूस उतारवयात जिथे राहिला त्या राज्याच्या.

विधवेला पेन्शन हवं तर लग्न सिद्ध करावं लागे, मुलांच्या जन्मतारखा द्याव्या लागत, पुन्हा लग्न केलेलं नाही हे दाखवावं लागे. दाखले नसत, मग सुईण, शेजारी, पाद्री यांची प्रतिज्ञापत्रं येत. घरच्या बायबलची पानं फाडून पाठवलेली आजही त्या फाइलींत आहेत.

स्वतः गुलामगिरीतून पळून इतरांना सोडवणाऱ्या हॅरिएट टबमन यांचंच पाहा. त्यांचे दुसरे पती नेल्सन डेव्हिस 1888 मध्ये वारले. ते कृष्णवर्णीयांच्या आठव्या पलटणीत लढले होते, पण सैन्यात त्यांचं नाव नेल्सन चार्ल्स असं होतं. डेव्हिस आणि चार्ल्स हे एकच, 1869 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्नला झालेलं लग्न खरं आणि पहिले पती जॉन टबमन तेव्हा हयात नव्हते, हे सगळं त्यांना साक्षीदार आणून सिद्ध करावं लागलं. महिना आठ डॉलरसाठी. पुढे 1899 मध्ये अमेरिकन काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, ती रक्कम वीस डॉलर केली. सरकारच्या संशयामुळे त्या बाईंना झालेला त्रास अन्यायाचाच होता. पण त्यामुळे जमलेल्या साक्षींतून आज त्यांचं ऑबर्नमधलं आयुष्य कळतं.

पूर्वज गुलामगिरीत होते. 1870 च्या मागे जाता येतं का?

येतं, पण वेळ द्यावा लागतो. मुक्त झालेल्या लोकांची नावं देशाच्या जनगणनेत पहिल्यांदा सर्रास येतात ती 1870 मध्ये. 1850 आणि 1860 मध्ये गुलामांची वेगळी यादी झाली. तिच्यात नाव मालकाचं, आणि त्याखाली माणसांचं नुसतं वय, लिंग, रंग. ती पानं शांतपणे वाचणं कठीण आहे.

मधला दुवा म्हणजे 1865 ते 1872 चालू असलेला फ्रीडमेन्स ब्यूरो, मुक्त झालेल्या लोकांसाठीचं सरकारी खातं. त्याच्या कागदांत लग्नांच्या नोंदी, मजुरीचे करार, शाळा, रेशन आहे. 1865 ते 1874 चाललेल्या फ्रीडमन्स बँकेच्या खातेदारांच्या नोंदवहीत आईवडील, भावंडं, मुलं आणि कित्येकदा जुना मालक किंवा मळा यांची नावं विचारलेली आहेत. मालकाचं नाव कळलं की त्याचे कागद शोधायचे: मृत्युपत्र, मालमत्तेची यादी, गहाणखतं, हिशेबाच्या वह्या. मुक्त झाल्यावर प्रत्येकाने मालकाचंच आडनाव घेतलं हे गृहीत धरू नका. अनेकांनी जुन्या मालकाचं घेतलं, काहींनी स्वतः निवडलं.

गुलामगिरीतून सुटून तिच्याविरुद्ध लढलेल्या फ्रेडरिक डग्लस यांना आपली जन्मतारीख आयुष्यभर कळली नाही. ते 1817 धरून चालत. मेरीलँडमधल्या ॲरन अँथनी या मालकाच्या हिशेबवहीत मात्र हॅरिएटचा मुलगा फ्रेडरिक ऑगस्टस, फेब्रुवारी 1818, अशी नोंद होती. जनावरं आणि धान्य यांच्यासारखीच ही माणसं मालमत्ता म्हणून लिहिली होती, आणि त्याच पानांमुळे डग्लस यांच्या आजीपर्यंतचं कुटुंब पुन्हा जुळवता आलं.

वर्तमानपत्रं विसरू नका. विकल्या गेलेल्या आईला, भावाला शोधणाऱ्या जाहिराती युद्धानंतर कित्येक वर्षं छापून येत होत्या. न्यू ऑर्लिन्सच्या साउथवेस्टर्न ख्रिश्चन ॲडव्होकेटमध्ये 1879 पासून ‘लॉस्ट फ्रेंड्स’ नावाचं सदर होतं आणि पाद्र्यांनी ते चर्चमध्ये मोठ्याने वाचून दाखवावं अशी विनंती असे. एकेका जाहिरातीत तीन पिढ्यांची नावं, मालकांची नावं आणि ताटातूट कुठे झाली ते गाव येतं. त्या सदरातल्या जाहिराती आता इंटरनेटवर शोधता येतात.

आयर्लंड किंवा जर्मनीतलं मूळ गाव कसं कळेल?

अमेरिकेतच शोधून. जहाजांच्या प्रवासी याद्या 1820 पासून आहेत, पण जुन्या याद्यांत बहुतेक वेळा नुसतं ‘आयर्लंड’ लिहिलेलं असतं. 1906 पूर्वी नागरिकत्व कुठल्याही कोर्टात मिळे आणि त्या कागदांवरही सहसा देशच असतो. गावाचं नाव चर्चमधल्या लग्नाच्या नोंदीत, कबरीच्या दगडावर किंवा मृत्यूच्या बातमीत सापडतं. बोस्टनच्या ‘पायलट’ या वर्तमानपत्रात 1831 ते 1921 हरवलेल्या आयरिश नातलगांच्या जाहिराती येत आणि त्यांत काउंटी, गाव, कधी चर्चचा पॅरिशसुद्धा दिलेला असे.

पश्चिमेकडे गेलेल्यांसाठी 1862 च्या होमस्टेड कायद्याची फाइल फार उपयोगी. 160 एकर जमिनीवर पाच वर्षं राहून ती कसली की मालकी मिळे. अविवाहित स्त्रियांनाही अर्ज करता येई. परदेशी माणसाला नागरिकत्वाचा पुरावा जोडावा लागे, म्हणून शोधून न मिळालेले नागरिकत्वाचे कागद तिथे मिळून जातात. शिवाय घर किती खोल्यांचं, विहीर किती खोल, किती एकर गहू, हे दोन शेजाऱ्यांच्या साक्षीने लिहिलेलं असतं.

डीएनए चाचणीने काम सोपं होतं का?

तुम्ही बांधलेला अंदाज तपासायला ती चांगली. अंदाजच नसेल तर हजारो अनोळखी चुलतभावंडांची यादी हाती येते. टक्केवारीच्या रंगीत नकाशापेक्षा त्या यादीकडे लक्ष द्या.

आनंदीबाईंच्या कार्पेंटर मावशींचं घराणं शोधायचं असेल तर?

थिओडिशिया कार्पेंटर न्यू जर्सीतल्या रोझेलला राहत होत्या. आनंदीबाई जून 1883 मध्ये न्यूयॉर्कला उतरल्या त्या त्यांच्याच भरवशावर. रोझेल युनियन काउंटीत आहे, म्हणून 1880 ची जनगणना, 1885 ची न्यू जर्सीची जनगणना आणि युनियन काउंटीची खरेदीखतं हे पहिले तीन कागद. थिओडिशिया हे नाव दुर्मीळ आहे आणि त्याची स्पेलिंग्ज वेगवेगळी होतात, म्हणून सुरुवातीची तीन-चार अक्षरंच टाकून शोधा.

सगळ्यात मोठा धागा मात्र पुण्याशी जोडलेला आहे. फेब्रुवारी 1887 मध्ये आनंदीबाई गेल्यावर त्यांच्या अस्थी मावशींकडे पाठवल्या गेल्या आणि मावशींनी त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीला आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या. राहतं घर न्यू जर्सीत असताना कुटुंबाची जागा पोकीप्सीत असणं हे मुळाचं चिन्ह असतं. पोकीप्सी डचेस काउंटीत आहे, तेव्हा मागची पिढी तिथल्या कागदांत पाहायची. दफनभूमीच्या कार्यालयात प्रत्येक जागेची नोंद ठेवतात: जागा कुणी घेतली, तिथे कुणाकुणाला कधी पुरलं. अशा नोंदीने शोध कधी कधी एका दिवसात दोन पिढ्या पुढे सरकतो.

महाराष्ट्रात राहिलेल्या मिशनऱ्यांचं काय?

त्यांचे कागद दोन्हीकडे आहेत. अमेरिकन मराठी मिशनची माणसं 1813 पासून मुंबईत होती. सिंथिया फरार न्यू हॅम्पशायरच्या मार्लबरोच्या. त्या 1827 मध्ये मुंबईला आल्या, पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि 1862 मध्ये तिथेच गेल्या. जोतीराव फुल्यांनी पाहिलेली मुलींची शाळा त्यांचीच. ज्यांना पाठवणारी संस्था अमेरिकन बोर्ड होती, त्यांची पत्रं हार्वर्डच्या हॉटन लायब्ररीत आहेत आणि ‘मिशनरी हेरल्ड’ या मासिकात त्यांतले उतारे छापून येत. घरच्या कागदांसाठी जन्मगाव पाहायचं: न्यू इंग्लंडमध्ये गावाची वही आणि चर्चच्या सभासदांची यादी.

इकडे 1842 पासून निघणारं मिशनचं मराठी नियतकालिक ‘ज्ञानोदय’ आहे. अमेरिकेतल्या वंशजांना मराठी वाचता येत नाही, त्यामुळे त्यातला मजकूर त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. अहिल्यानगर, सोलापूर, सातारा भागात राहणाऱ्या कुणाला जुन्या ख्रिस्ती दफनभूमीतल्या दगडांचे स्पष्ट फोटो काढता आले, तर ते फाइंड अ ग्रेव्ह या कबरींच्या नोंदींच्या वेबसाइटवर टाका. फोटो सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात काढा, झिजलेली अक्षरं तेव्हाच वाचता येतात. दगडावर खडू किंवा पावडर लावू नका, त्याने तो खराब होतो.

पैसे किती लागतील?

सुरुवातीला काहीच नाही. फॅमिलीसर्च या वेबसाइटवर जनगणना आणि काउंट्यांचे असंख्य कागद फुकट आहेत. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या क्रॉनिकलिंग अमेरिकावर जुनी वर्तमानपत्रं फुकट आहेत. ॲन्सेस्ट्रीला वर्गणी पडते, पण अमेरिकेतल्या बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांत ते सभासदांना मोफत वापरता येतं. खर्च पेन्शनच्या फाइलीसारख्या प्रती मागवताना येतो. मागवताना सैनिकाचं नाव, राज्य, रेजिमेंट आणि इंडेक्समधला अर्जाचा क्रमांक चारही लिहा, आणि निवडक पानं नकोत, पूर्ण फाइल हवी असं स्पष्ट सांगा. साक्षी निवडक पानांत येत नाहीत.